हेफ्टी: ग्रॅनाइट कसा निवला ते शोधणारे सॉफ्टवेअर

भूवैज्ञानिक रिचर्ड केचम यांचे हेफ्टी विंडोजवर चालते. ॲपॅटाइट या खनिजाचे फिशन ट्रॅक (युरेनियमचे अणू फुटून स्फटिकात उमटलेले ओरखडे) आणि हेलियमची वये (युरेनियम-थोरियमच्या क्षयातून साठलेल्या हेलियमवरून काढलेली) भरली की दगड कोणकोणत्या वाटांनी, म्हणजे कोणत्या काळी किती तापमानाला राहून, निवला असू शकेल, हे ते हजारो वाटा चाचपून दाखवते. जांभळ्या वाटा मोजमापांशी छान जुळणाऱ्या, हिरव्या चालवून घेण्याजोग्या.

पण ॲपॅटाइटला आठवतो तो निवण्याचा शेवटचा टप्पाच. ट्रॅक आखूड होतात ते साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसमध्ये. त्याआधीचे, जास्त तापमानाचे टप्पे इतर खनिजांवरून कळतात: झिरकॉनचे युरेनियम-शिसे वय, मस्कोव्हाइट (सुमारे ४०० अंश) आणि बायोटाइट (सुमारे ३०० अंश) या अभ्रकांचे आर्गॉन वय. ते काळ-तापमानाच्या आलेखावर, वाट जिथून जायलाच हवी अशा चौकटी आखून द्यावे लागते. चौकट ऐसपैस ठेवा. बायोटाइटचे क्लोजर तापमान (ज्याखाली आर्गॉन खनिजात अडकून राहतो ते) कणाच्या आकारावर आणि निवण्याच्या वेगावर हलते. पाच-दहा अंशांत कोंबलेली चौकट खोटी अचूकता देते.

जास्त घोळ होतो तो प्रयोगशाळेत. ट्रॅक उघडे करायला ५.५ मोलर नायट्रिक आम्ल, २१ अंश, २० सेकंद ही कृती असेल तर डीपारचे (आम्लाने कोरलेल्या ट्रॅकच्या तोंडाशी पडणाऱ्या खड्ड्याच्या लांबीचे) आकडे थेट चालतात. ५ मोलर वापरले तर खड्ड्यांचा आकार बदलतो, मग शेजारी दुरांगो ॲपॅटाइट (तुलनेसाठीचा प्रमाण नमुना) ठेवून आकडे जुळवून घ्यावे लागतात. बंदिस्त ट्रॅक (पूर्णपणे स्फटिकाच्या आत असलेले) शंभरेक मोजा, सी-अक्षाशी (स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी) होणाऱ्या कोनासकट. वीस-पंचवीसांवर भागवले की हिरवा रंग आलेखभर पसरतो आणि काहीच ठरत नाही.

हेलियमचे वय भरताना खाना बघा. ॲपॅटाइटच्या कणाच्या कडेतून उडून गेलेल्या अल्फा कणांची (म्हणजे हेलियमच्या केंद्रकांची) दुरुस्ती आधीच केलेले वय दुरुस्तीविना असलेल्या खान्यात गेले, तर दुरुस्ती दोनदा होते आणि दगड उगाच म्हातारा होतो. कणात बारीकसा झिरकॉन अडकला असेल तरी वय असेच फुगते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ६० मायक्रॉनहून रुंद, स्वच्छ कणच निवडा.

खरी अडचण वेगळीच आहे: माहिती वाढवली की हेफ्टी रुसते. पंधरा-वीस कणांची वये दोन-तीन टक्के त्रुटीने भरली, की एकही वाट सापडत नाही. त्याची सांख्यिकी चाचणीच तशी आहे, आकडे जितके जास्त तितकी ती किरकोळ विसंगतीवरही बोट ठेवते. त्रुटी कणाकणांतल्या खऱ्या फरकाइतकी, दहाएक टक्के, धरली की वाटा उमटतात. क्यूटीक्यूटी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचे उलट आहे. ते कधीच नाही म्हणत नाही, म्हणून त्याने वर्तवलेली वये मोजलेल्यांशेजारी ठेवून बघावीच लागतात.

आणि हेफ्टीच्या आलेखातली, सगळ्या वाटांच्या सरासरीची ती जाड रेघ शोधनिबंधात उत्तर म्हणून छापू नका. ती स्वतः चाचणीतून गेलेली नसते.