चरबी माझीच, पैसेही माझेच

आमचं कृषी सेवा केंद्र आहे, परभणी जिल्ह्यात सेलूच्या बाजूला. दर जूनला मी गल्ल्यावर बसून येईल त्याला बजावते : दादा, पक्की पावती घ्या, पिशवी फेकू नका, टॅग जपा, मूठभर बियाणं मागं ठेवा. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? हेच सांगणाऱ्या बाईनं गेल्या वर्षी एक लाख साठ हजार रोख मोजले आणि हातात चिटोरंसुद्धा घेतलं नाही.

दोन लेकरांच्या अंगावरच्या दुधानंतर माझी छाती पार ओसरली होती. ब्लाऊज शिवणारीसमोर उभं राहायचीही लाज वाटायची. हौस म्हणा, खंत म्हणा, हसायचं त्यांनी हसा. मोबाईलवर जाहिरात आली : पोटाची चरबी काढून छातीत भरायची, सिलिकॉन नाही, चिरफाड नाही. ‘तुमचीच चरबी, मग धोका कसला?’ या वाक्यानं मी गारद झाले. भिशी उचलली, गंठण मोडलं, घरी मावशीचं नाव सांगून संभाजीनगर गाठलं (तोंडात अजून औरंगाबादच येतं).

गुलाबी सोफे, गार एसी. तिथली मॅडम म्हणाली, “ताई, दोन साईज वाढणार, तेही कायमचं.” आधी ना सोनोग्राफी, ना मॅमोग्राफी (छातीचा खास एक्स-रे). इंग्रजी फॉर्मवर पाच सह्या घेतल्या. भूलतज्ज्ञ कुणी दिसलाच नाही. पोटात सुया टोचल्या, नळीनं चरबी ओढली, मोठ्या सिरिंजनं छातीत भरली. संध्याकाळी पट्टा आवळून घरी रवाना.

महिनाभर आरशासमोरून हलावंसं वाटेना. ती सूज होती, हे मला कोण सांगणार? तिसऱ्या महिन्यात छाती जवळपास होती तिथंच आली. आणि डाव्या बाजूला बोराएवढी टणक गाठ हाताला लागली.

त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सगळं सांगितलं. तो रागावला नाही, नुसता बसून राहिला. ते जास्त लागलं.

परभणीत सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत लेकरांच्या वेण्या घालताना हात थरथरायचे. कॅन्सर नव्हता, मेलेल्या चरबीची गाठ होती. तिथल्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. हलवलेल्या चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. बारीक नळीनं थेंब थेंब, वेगवेगळ्या थरांत पसरली तर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या तिला धरतात. एकाच जागी गोळा ओतला की मधली मरते, तिचं तेल होतं, पुढं चुना, म्हणजे कॅल्शियम साठतं. म्हणून इथून पुढं प्रत्येक मॅमोग्राफीच्या वेळी हे सांगायचं आणि जुने रिपोर्ट सोबत न्यायचे, नाहीतर चुन्याचे ठिपके पाहून पुन्हा कॅन्सरची शंका. चांगल्या हातांनी केलं तरी साधारण निम्मी ते 70 टक्के चरबीच टिकते आणि एका वेळी ब्राचा फार तर एक कप वाढतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के लागते, हे मला झोपेतही पाठ. चरबीची उगवण विचारायचं मात्र सुचलं नाही.

क्लिनिकला फोन केला तर उत्तर, “तुमच्या शरीरानं स्वीकारली नाही. दुसरं सेशन करा, सूट देतो.” तेव्हा कुठं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर त्या ‘कॉस्मेटिक सर्जन’चं नाव शोधलं. सापडलं नाही. एमबीबीएस, एमएस करून वर प्लॅस्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, असं असायला हवं होतं. बायांनो, हे शोधायला दोन मिनिटं लागतात, मी ती ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी काढली.

कागदपत्रांसाठी लेखी अर्ज दिला. नियमानं 72 तासांत मिळायला हवीत. मला एकोणिसाव्या दिवशी दोन पानं मिळाली. किती चरबी काढली, किती भरली, दोन्ही रकाने कोरे. आता परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. आपण राहतो तिथं दाखल करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलांनी पहिलं काय विचारलं? पावती.

ती नाही. पण पैसे दिले त्या रात्री मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला होता : “ताई, 1,60,000 मिळाले, धन्यवाद”, पुढं गुलाबाचं फूल. नवऱ्यानं त्याच्या तीन प्रिंट काढून दुकानाच्या तिजोरीत बियाण्याच्या टॅगांच्या गठ्ठ्यात ठेवल्यात.