आजोबांची रायफल नीट करून मुलीला शिकवावं, की एअर रायफल घ्यावी?

विदर्भातली मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, १९५१ मध्ये संपली, पण मालगुजारांच्या बंदुका कितीतरी घरांत अजून आहेत. नागपुरात महाल, धंतोली, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या घरांत आजोबांच्या नावावरची एखादी रायफल कपाटात असते. नातीला बारावं लागतं, शाळेत कुणीतरी नेमबाजीचं नाव काढतं आणि घरात विचार सुरू होतो: रायफल आहेच, तीच नीट करून तिला शिकवू. या इच्छेचा मला आदर आहे. म्हणूनच आधी ती रायफल कुठल्या बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या किती रुंदीची, आहे ते बघा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

पॉइंट ३१५ (म्हणजे ०.३१५ इंच) किंवा इंग्रजांच्या काळातली मोठ्या बोअरची शिकारी रायफल असेल, तर मुलीसाठी ती नकोच. वजन साडेतीन किलोच्या आसपास आणि दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा. लहान मूल तो खांद्याला लावायला गेलं की नेम दिसावा म्हणून मान पुढे ताणतं आणि वजन पेलायला कंबरेतून मागे झुकतं. त्यात बार उडाला की धक्का. दोन-चार बारांनंतर मूल चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतं, आणि ही सवय मोडायला प्रशिक्षकाला फार वेळ लागतो. कुणी म्हणेल, नळी कापून हलकी करू. परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. शिवाय चालवणार कुठे? शेत म्हणजे रेंज, नेमबाजीच्या सरावाची जागा, नव्हे. शिकार तर वन्यजीव कायद्याने बंदच आहे.

पॉइंट २२ असेल तर गोष्ट वेगळी. धक्का जवळजवळ नाही, आणि ५० मीटरच्या ऑलिंपिक स्पर्धा याच बोअरच्या रायफलने होतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलं ते याच प्रकारात. अशी रायफल दुरुस्त करायला पैसा घालावा, असं माझं मत आहे. फक्त नळी तपासून मगच.

रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट (नळीमागचा सरकता खटका) काढा आणि नळीतून उजेडाकडे बघा. आतल्या पीळदार खाचांच्या कडा धारदार आणि चकचकीत दिसल्या तर नळी जिवंत आहे. काळे बारीक खड्डे दिसतील, त्याचं कारण जुनी काडतुसं. त्यांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या मसाल्याचा क्षार नळीत उरायचा, पावसाळ्यातली दमट हवा शोषायचा आणि पोलाद खायचा. थोडे खड्डे चालतात. पण नळीत कुठे काळसर कडं दिसलं तर तिथे ती आतून फुगलेली असू शकते. मग बंदूक-कारागिराने पाहिल्याशिवाय एकही बार नको.

लाकडाला नागपूरचा मे महिना सोसत नाही. दस्त्याच्या मुठीजवळ, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे बोट फिरवून चीर शोधा. लाकूड कोरडं पडलं असेल तर पक्कं (उकळलेलं) जवसाचं तेल तळहाताने पातळ चोळा, वाळू द्या, पुन्हा चोळा. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. चामड्याची पिशवी दिसायला सुंदर, पण ओल धरून ठेवते. रायफल तिच्यात ठेवू नये. लोखंडाला पॉलिश मारणाऱ्याच्या हातीही देऊ नका. चकाकीच्या नादात कारखान्याचा छाप आणि नंबर घासला गेला तर वारशाची किंमत जाते आणि कायद्याची भानगड मागे लागते. बंदूक दुरुस्त करण्याचा परवाना असलेल्या कारागिराकडेच काम द्या.

या सगळ्याच्या आधी कागद. परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर रायफल घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. एकवीस वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं हत्यार बाळगता येत नाही. बारा पूर्ण झाल्यावर नियमांच्या चौकटीत, देखरेखीखाली सराव करता येतो. काडतुसंही परवान्यावर लिहिली असतील तेवढीच मिळतात, म्हणजे हात बसेल एवढा सराव त्यात अवघड.

एअर रायफलचं पारडं इथेच जड होतं. साडेचार मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. छरे स्वस्त, अंतर दहा मीटर, रोज शंभर छरे मारले तरी परवडतं. श्वास, चाप, नेम, उभं राहणं हे सगळं इथेच शिकलं जातं. २००८ मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते दहा मीटर एअर रायफलमध्येच. दुकानदार ‘स्पीड’ सांगून जोरदार मॉडेल दाखवेल, ते घेऊ नका. दस्ता मागेपुढे करता येणारी आणि मूल सहज पेलेल अशी घ्या. गच्चीवर सराव करायचा तर लक्ष्यामागे छरे अडवणारी पक्की पेटी हवी, डोळ्यांना चष्मा हवा, मोठं माणूस शेजारी हवं. कबुतरांवर नेम धरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. छरे शिशाचे असतात, म्हणून सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

माझा सल्ला असा. मुलीला आधी नेमबाजीच्या क्लबमध्ये घाला आणि तिथली रायफल वापरू द्या. गोडी टिकली तर एअर रायफल घ्या. आजोबांच्या रायफलचे कागद मात्र याच महिन्यात सुरू करा, त्याला वेळ लागतो. ती पॉइंट २२ असेल आणि नळी चांगली निघाली, तर दोनेक वर्षांनी, लेकीचा हात बसल्यावर, रेंजवर प्रशिक्षकासमोर तिच्या हाती द्या. मोठ्या बोअरची असेल तर परवाना मिळाल्यावर तेल लावून, गंज थांबवून, कुलपात जपून ठेवा. तिच्यावर त्यापलीकडे खर्च नको.