टाकी की तळं: सोसायटीच्या पावसाच्या पाण्याचा निर्णय घेताना

आंबिल ओढ्याच्या काठाने कात्रजपासून खाली चालत आलात, तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र विसरलेलं घर सापडायचं नाही. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. त्यानंतर आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये एक विषय कायमचा येऊन बसला: आपल्या आवारात पडणारं पाणी तासभर तरी कुठे थोपवून धरायचं? ओढा आधीच भरून वाहत असताना आपणही आपलं पाणी त्यात सोडलं, तर ते खालच्या वस्तीच्या उंबऱ्याशी जातं, हे त्या रात्रीनंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या पाच सोसायट्यांच्या मध्ये वीस गुंठ्यांची सामाईक मोकळी जागा आहे. प्रस्ताव दोन होते. एक, मैदानाखाली काँक्रीटची टाकी बांधायची, वर पुन्हा मैदान करायचं आणि टाकीत पंप बसवायचे. दुसरा, त्यातल्या बारा गुंठ्यांत उथळ, झाडोऱ्याचं पाणथळ तळं करायचं. दीड वर्ष आम्ही यावर भांडलो. टाकीवाले तळ्याला ‘डबकं’ म्हणत, तळेवाले टाकीला ‘भुयार’. २०२३ च्या उन्हाळ्यात शेवटी तळं खोदलं गेलं. सुरुवातीला मी टाकीच्या बाजूने होतो, हे आधीच सांगतो. हाच वाद ज्यांच्याकडे चालू आहे त्यांना आमचा अनुभव कामी यावा म्हणून हे लिहितोय. नकाशे आणि मापं तुमच्या सल्लागाराने दिलीच असतील.

फक्त एक हिशोब स्वतः करून बघा, कारण सभेत तो कुणीच करत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची छतं, पार्किंग आणि आतले रस्ते मिळून चार एकर भरतात. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर आठ लाख लिटर होतं, थोडं इकडेतिकडे मुरतं आणि सातेक लाख लिटर गेटकडे धावतं. टाकीत सहा लाख मावणार होतं. तळ्यात नेहमीच्या पातळीच्या वर पाचएक लाख मावतं, बाकीचं सांडव्यावरून संथपणे जातं. म्हणजे साठवणीत टाकी थोडी पुढेच होती. खर्चात मात्र तळं कितीतरी हलकं पडलं, कारण आमच्याकडे दोन फूट मुरूम लागला की खाली काळा कातळ. टाकीसाठी तीन मीटर कातळ फोडायचा तर ब्रेकर कित्येक आठवडे घराघरांत घुमला असता. पाणी जमिनीत मुरून बोअरला येईल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. आमच्या कातळात थोडंफार मुरत असेल. पण आम्ही तळं केलं ते पाणी थोपवण्यासाठी.

ओढ्याचं पाणी थोपवून धरणं पुण्याला नवं नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याच्याच पाण्यावर तळं केलं होतं. सारसबागेतल्या गणपतीला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, आणि तिथे जाणाऱ्या मुलांना तळं कुठे गेलं हा प्रश्न पडतोच. माझ्या मुलीने तो विचारला होता. सभेत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा दोन-चार ज्येष्ठांचा विरोध मावळला, कारण त्यांना तळ्याची कल्पना परदेशी वाटत होती.

आता टाकीची बाजू. तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती दिसत नाही. मैदान शाबूत राहतं. आमच्या मुलांचं क्रिकेट बारा गुंठ्यांनी आक्रसलं आणि त्यांची नाराजी खरी होती. उरलेल्या आठ गुंठ्यांत त्यांना नेट बांधून दिलं, पण नेट म्हणजे मैदान नव्हे. टाकीला साप नाहीत, चिखल नाही, कुणाचं मूल काठावर जाईल ही धास्ती नाही. काही ठिकाणी तर टाकीच योग्य. मुंबईत हिंदमाताला पाणी साचतं, तो सगळा भाग बशीसारखा खोलगट, भरतीच्या वेळी पाण्याला समुद्रात जायला वाट नाही. तिथे महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या केल्या. इतक्या दाट वस्तीत तळ्याला जागा आणायची कुठून?

मग मी टाकीवरून का हटलो, तर पंपामुळे. हा एकच मुद्दा मी जरा लांबवणार आहे.

आमच्या बेसमेंट पार्किंगखाली बिल्डरने केलेली लहान टाकी आधीपासून होती. मोठ्या टाकीबरोबरचे दिवस कसे जातील, याचा नमुना आम्ही घरातच बघत होतो. २०१९ च्या त्या रात्री लाइट गेली. वॉचमन मामांनी माझी बेल वाजवली तेव्हा बेसमेंटमध्ये पाणी स्कूटरच्या पायदानाला लागलं होतं. पंपरूमला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे आणि ते गावाला. कुलूप फोडलं. जनरेटर चालू होता, पण त्यावर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे जोडलेले. पंप जोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही पंप जनरेटरवर घेतला आणि किल्ली मामांच्या केबिनमध्ये टांगली. त्या वर्षी फ्लोट (पाणी चढलं की वर तरंगून पंप चालू करणारा गोळा) अडकला: दुधाची रिकामी पिशवी त्याला अशी गुंडाळली होती, की पाणी वर चढत गेलं आणि फ्लोट तळाशीच राहिला. टॉर्च तोंडात धरून, पालथा पडून, बांबूने मी ती पिशवी सोडवली. त्याच्या पुढच्या जूनमध्ये मोटरच फिरेना. आठ महिने बंद पडून बेअरिंग जाम झालं होतं. दर महिन्याला पाच मिनिटं मोटर चालवायची असं ठरलं होतं, नोंदवहीसुद्धा होती. दिवाळीपर्यंत तिच्यात सह्या होत्या, पुढची पानं कोरी.

यात दोष कुणा एकाचा नव्हता. दर वेळी बिघाड वेगळा होता, वेळ मात्र तीच: रात्र, धो धो पाऊस, लाइट गेलेली. टाकीला माणूस नेमका त्याच घटकेला हवा असतो, जेव्हा त्याने घराबाहेर पडू नये. चाळीस हजार लिटरच्या टाकीने आमची ही अवस्था केली, तर सहा लाख लिटरच्या टाकीसाठी कोण जागत बसणार? आज आम्ही पन्नाशीतले चार जण उतरतो. दहा वर्षांनी कोण उतरणार? शिवाय टाकीतला गाळ काढायला कधीतरी माणूस आत घालावा लागतो. बंद टाकीत विषारी वायू साचतो आणि आत उतरलेली माणसं वर येत नाहीत, हे आपण दर वर्षी वाचतो. माझ्या सोसायटीसाठी कुणी तसं उतरावं हे मला मान्य नाही.

तळ्यालाही काम लागतंच. आमच्याकडे पाणी आत येतं तिथे आधी गाळाची कुंडी आहे. पार्किंगची माती, पालापाचोळा, पिशव्या सगळं तिथे बसतं. एप्रिलमध्ये कुंडी कोरडी पडली की दोन माणसं फावडी-घमेली घेऊन तीन सकाळींत ती उपसतात. पाणकणीस, म्हणजे तळ्यातलं उंच पाणगवत, पावसाळ्यानंतर कापावं लागतं, नाहीतर दोन वर्षांत अख्खं तळं गिळून टाकेल. खालच्या बाजूला पाणी हळूहळू सोडणारा तीन इंची पाइप आहे. त्याच्या तोंडाशी खडी आणि जाळी बसवली आहे, ती तुंबते. पण ती तुंबली तरी पाणी सांडव्यावरून जातं, कुणाच्या घरात शिरत नाही, आणि सकाळी गमबूट घालून साफ करता येते. सगळी कामं उजेडात, आपल्या सवडीने होतात.

तळ्याच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा डासांचा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या इमारतीत डेंगीचे रुग्ण झालेले आहेत. पहिल्या वर्षी मी दर रविवारी पांढऱ्या वाटीत तळ्याचं पाणी घेऊन उन्हात धरायचो. पांढऱ्यावर वळवळणारी अळी लगेच दिसते. मधल्या पाण्यात, जिथे गप्पी मासे सोडलेत, तिथे मला एकही मिळाली नाही. काठाशी चिखलात उमटलेल्या बुटांच्या ठशांत मात्र मिळाल्या, म्हणून आता काठावर खडी पसरली आहे. पालिकेची माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांना अळ्या सापडल्या त्या कुंड्यांखालच्या बशांत, गच्चीवरच्या एका टायरमध्ये आणि आमच्या बेसमेंटच्या टाकीत. डेंगीचा डास लहान, साठलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मासे, चतुर आणि वाहतं पाणी असलेलं तळं त्याला मानवत नसावं. माझी वाटी म्हणजे शास्त्रीय मोजमाप नव्हे, पण शंभरएक वाट्या तरी मी बघितल्या आहेत. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, हे मला या वाटीमुळेच कळलं.

सापांचं म्हणाल तर दिवड आली आहे. ती बिनविषारी, बेडूक आणि मासे खाते. तरी गवतात घोणस असू शकते म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आम्ही बोटभर उंचीचंच ठेवतो. काठाचा उतार मंद ठेवलाय, पाच फूट आत गेल्यावर एक फूट खोली, म्हणजे मूल घसरलं तरी गुडघाभर पाण्यातच उभं राहील. उन्हाळ्याचं खरं सांगायचं तर मे महिन्यात दोन-तीन आठवडे वास येतो. तळमजल्यावरच्या काकू त्या दिवसांत खिडक्या लावून घेतात, आणि त्यांच्या या त्रासावर अजून आमच्याकडे उपाय नाही. पाणी टँकरने भरावं असं काहींचं म्हणणं होतं. ते मला पटलं नाही.

पहिल्याच गणेशोत्सवात दीड दिवसाच्या मूर्ती घेऊन लोक तळ्यावर आले. माती आणि निर्माल्याने तळं एका वर्षात उथळ झालं असतं. वादावादी झाली, डोळ्यांत पाणीही आलं. आता काठाला वेगळा हौद ठेवतो, आरती तळ्याकाठीच होते आणि सगळे समाधानी आहेत. तुमच्याकडे तळं होणार असेल तर हा हौद नकाशातच घालून घ्या.

एक गोष्ट अनपेक्षितपणे हाती लागली. ऐन डिसेंबरमध्ये गाळाच्या कुंडीत फेस दिसायला लागला. माग काढला तर एका इमारतीच्या वॉशिंग मशिनच्या पाण्याची लाइन पावसाच्या पाइपात जोडलेली निघाली. मैदानाखालच्या टाकीत हे आम्हाला कधीच दिसलं नसतं, नुसती दुर्गंधी आली असती आणि सहा महिने आम्ही उंदीर शोधत बसलो असतो. सांडपाणी शुद्ध करणारी पाणथळं वेगळी असतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र त्यासाठीच आहे. आपलं तळं पावसाच्या पाण्याचं, त्यात सांडपाणी सोडू देऊ नका. सल्लागार या दोन्हींची गल्लत करताना मी बघितले आहेत.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे तळ्याची परीक्षा झाली. शिवाजीनगरला चोवीस तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, तिकडे सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. तीनच्या सुमाराला सवयीने मला जाग आली. लाइट गेलेली. गॅलरीतून टॉर्च मारला. तळ्याच्या दगडी पायऱ्यांपैकी खालच्या दोन बुडाल्या होत्या, सांडव्यावरून पाणी चादरीसारखं पडत होतं आणि पाणकणीस पार आडवं झालं होतं. गेटपाशी, जिथे पूर्वी घोटाभर पाणी साचायचं, तिथे रस्ता नुसता ओला होता. मी पुन्हा जाऊन झोपलो. दीड दिवसाने पायऱ्या मोकळ्या झाल्या.

एवढ्यावरून तळं सगळ्यांनाच सुचवतोय असं नाही. २०१९ सारखा ओढाच अंगावर आला तर बारा गुंठ्यांचं तळं काय किंवा टाकी काय, दोन्ही अपुरी आहेत. तुमची जागा निळ्या पूररेषेच्या (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती रेषा) आत असेल तर तळं एका पुरात गाळाने भरेल. मोकळी जागा पाच-सात गुंठेच असेल, किंवा तुमच्याकडे पगारी, चोवीस तासांचा, जाणता ऑपरेटर असेल, तर टाकी घ्यायला हरकत नाही. घेतलीत तर पंप जनरेटरवर आहे ना आणि किल्ली कुठे टांगली आहे, हे पहिल्याच दिवशी बघा.

आणि तळ्याकडे कल असेल तर खोदाई संक्रांतीच्या मागेपुढे सुरू करा. आमच्याकडे सभांमध्ये मार्च उजाडला. काठावर लावलेल्या वाळ्याला मुळं धरायला वेळच मिळाला नाही, आणि जूनच्या पहिल्या पावसात पश्चिमेचा काठ हातभर ढासळला. तिथे आता दगड रचले आहेत, आणि त्या दगडांवर खंड्या येऊन बसतो.