ढेकणांची ‘एक वर्ष गॅरंटी’: पैसे देण्याआधी एवढं वाचा

डोंबिवलीच्या आमच्या भाड्याच्या घरात ढेकूण झाले. ‘इम्पोर्टेड हर्बल औषध, वास नाही, एक वर्ष गॅरंटी’ म्हणणाऱ्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याने त्यापायी साडेतीन हजार उकळले. नाव लिहीत नाही. हा धंदा काही एकट्या त्याचा नाही.

पहिल्या फवारणीला गादीच्या शिवणीतून ढेकूण भराभरा बाहेर पडले, काही उताणे पडून पाय झाडायला लागले. “बघा ताई, रिझल्ट!” म्हणत त्याने फोटो काढले. खरी मेख इथेच आहे. या औषधाने ढेकूण बिथरून फटीबाहेर येतात, झिंगतात, पण त्यातले बरेच नंतर सावरतात आणि काही शेजारच्या खोलीत बिऱ्हाड हलवतात. आमच्याकडे लवकरच सोफ्यातही निघाले.

परत बोलावलं तर “घरात सामान फार, स्वच्छता नाही” हे वर ऐकवलं आणि ‘स्ट्राँग डोस’चे आठशे वेगळे मागितले. (ढेकणाला रक्त लागतं, लादी चकचकीत आहे की नाही, याच्याशी त्याला काय देणंघेणं?) मी बाटली दाखवायला लावली. डेल्टामेथ्रिन. मागच्या वेळी तो बाथरूममध्ये विसरून गेलेल्या रिकाम्या बाटलीवर सायपरमेथ्रिन लिहिलेलं होतं. कसलं हर्बल! शेवटी ‘मेथ्रिन’ असलेली ही औषधं एकाच कुळातली. त्याने फवारल्यावर त्याच्यादेखत पलंगाच्या ओल्या प्लायवर एक ढेकूण सोडला आणि वर वाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली, तर पठ्ठ्या चालत होता.

ढेकूण औषधाला दाद देईनासे होणं जुनंच आहे. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाला न जुमानणारे ढेकूण १९४७ च्या सुमारास हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींत सापडले होते. डीडीटी आणि ‘मेथ्रिन’ दोन्ही ढेकणाच्या मज्जातंतूंत एकाच जागी मारा करतात. ती जागाच बदललेले ढेकूण दोघांनाही पुरून उरतात. काहींच्या अंगात औषध पचवून टाकणारी द्रव्यंही जास्त तयार होतात. अशा ढेकणांवर तेच कूळ पुन्हा मारलं की कच्चे मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिढी त्या चिवटांची. फवारणीवाल्याचं मात्र दर खेपेला नवं बिल.

शेवटी तो धान्यात ठेवायच्या गोळ्या घेऊन आला. “रात्रभर खोली बंद ठेवा.” त्याला दारातूनच हाकललं. त्या गोळ्यांतून फॉस्फिन निघतो आणि त्या वायूने घरात झोपलेली माणसं गेलेली आहेत. अशा माणसाला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.

दुसऱ्या माणसाने आधी लायसन्स दाखवलं. त्याने शिवणींवर सावकाश वाफ फिरवली (५० अंशांच्या वर अंडीसुद्धा टिकत नाहीत), पलंग खोलून फटींत सिलिकाची पूड भरली. तिने ढेकूण सुकून मरतो. “अंडी राहिली असतील, दोन आठवड्यांनी परत बघू,” असं स्वतःहून म्हणाला. गॅरंटीचं अवाक्षर नाही.

पहिल्याकडे पैसे मागितले तर म्हणे बिल बघा. बिलावर ‘जनरल पेस्ट कंट्रोल’, ढेकणांचा उल्लेखच नाही! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आणि त्याचा ‘ढेकूण, एक वर्ष गॅरंटी’ हा व्हॉट्सॲप मेसेज जोडला, तेव्हा कुठे निम्मे पैसे परत आले.