लाकडावरचा स्टीलचा बंब: जळण विकत घेऊन परवडतो का?

आम्ही तासगावच्या बाजूला राहतो, घरात सात माणसं, त्यामुळं आंघोळीचं पाणी तापवणं हा वर्षभराचा खर्च आहे, फक्त थंडीतला नाही. आधीचा तांब्याचा बंब बुडाला गळायला लागला म्हणून सांगलीतनं स्टीलचा आणला, बरेच महिने वापरून झालाय. बंब चांगला आहे, पण जळण वखारीतनं विकत आणणार असाल तर पैसे वाचतील या आशेनं अजिबात घेऊ नका.

हिशोब बघा. 100 लिटर पाणी 25 डिग्रीनं तापवायला 2500 किलोकॅलरी लागतात. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोला साधारण 3500 ते 4000 किलोकॅलरी असतात, पण निम्म्याहून जास्त आच धुराड्यातनं वर निघून जाते, म्हणजे दोन-अडीच किलो लाकूड जातंच. मला वखारीत किलोला 8 रुपये पडतात, म्हणजे 20 रुपयाच्या आसपास, फोडून घ्यायचे वेगळे. तेवढंच पाणी गॅस गिझरवर 300 ग्रॅमच्या आत तापतं, 14.2 किलोचा सिलिंडर 900 ला धरला तर 18-19 रुपये. लाइटवर तीन युनिटच्या वर जातात, 10 रुपयानं धरलं तर 30. म्हणजे विकतचं लाकूड लाइटपेक्षा स्वस्त पण गॅसपेक्षा नाही, वर धूर, राख आणि सकाळी उठून पेटवायचं ते वेगळंच.

आणि हे सगळं वाळलेल्या लाकडाचं झालं. पावसाळ्यात वखारीतनं ओलं लाकूड आणलं तर तुम्ही पाण्याचं वजन विकत घेताय. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आधी ते उकळून जाणार मग तुमचं पाणी तापणार, घरभर धूर होतो तो पण ह्यानंच. घ्यायचंच असेल तर बाभळ घ्या, उन्हाळ्यात फोडून पत्र्याखाली रचून ठेवा, तिचा निखारा टिकतो.

आम्हाला परवडतो तो द्राक्षबागेमुळं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, दोन्ही वेळेला काड्यांचे ढीग पडतात, मजूर बांधावर टाकतात आणि लोक तिथंच पेटवून देतात, बघून जीव हळहळतो. त्या वाळवून मोळ्या बांधल्या की काम झालं. काडी बारीक, भडकन पेटते आणि संपते, त्यामुळं खाली काड्या आणि वर एखादा ओंडका असं लावायचं. पण बागेवर फवारणी झालेली असते, म्हणून ह्या काड्या आम्ही चुलीत स्वयंपाकाला घालत नाही आणि बंबही अंगणात उघड्यावरच ठेवलाय, पोरांना धुराजवळ उभं राहू देत नाही. कुणाची जुनी बाग काढायची असेल तर खोडं मागून घ्या, लय भारी जळतात.

आता बंबाबद्दल. वरनं नरसाळ्यात बादलीभर गार पाणी ओतलं की तोटीतनं तेवढंच गरम येतं, ही जुनी पद्धत ह्यातपण आहे, कुणाला थांबायला लागत नाही. तांब्यासारखं चिंचेनं घासत बसायला लागत नाही हे आईला सगळ्यात आवडलंय. तांब्यात पाणी जरा लवकर तापायचं असं घरच्यांचं म्हणणं, मला फार फरक जाणवला नाही, मधल्या नळीला काजळी धरली की मात्र लगेच जाणवतो, म्हणून ब्रशनं झाडून घ्यायची. बोअरचं पाणी असेल तर आत क्षार धरतात, त्यामुळं वरचं झाकण हात जाईल एवढं मोठं आहे ना ते दुकानातच बघून घ्या.

एक कळकळीचं सांगतो. थंडीत काही घरात बंबातले निखारे घमेल्यात काढून झोपायच्या खोलीत ठेवतात, दार-खिडक्या लावून. हे करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरलापण हाच धोका आहे, तिथं हवा खेळती पाहिजेच.

तक्रार एकच, खालची जाळी पातळ होती, थोड्याच दिवसात वाकली. दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता, शेवटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं जाड सळईची करून घेतली, ती अजून सरळ आहे. तुम्ही घेताना जाळी हातात घेऊन बघा आणि हलकी वाटली तर तिथंच भाव कमी करून घ्या.