फ्लॅट बिटचा "इम्पोर्टेड" सेट विकणाऱ्यापासून सावध रहा (कोल्हापूर)

कोल्हापुरातल्या सगळ्या सुतार मिस्त्री आणि फर्निचरवाल्यांनी हे वाचा, ओळखीच्यांना पण सांगा. उद्यमनगर, टिंबर मार्केट, राजारामपुरी या भागात एकजण मोटरसायकलवर बॅग टाकून वर्कशॉप वर्कशॉप फिरतोय आणि लाकडात भोक पाडायच्या फ्लॅट बिटचे सेट विकतोय. बोलायला एकदम गोड, मिस्त्री मिस्त्री करत चहा पण स्वतःच सांगणार. म्हणतो इम्पोर्टेड लॉट कस्टममधनं सुटलाय, पाकिटावर २४९९ छापलंय, तुम्हाला म्हणून ९०० ला देतो, आठ बिट, टायटॅनियम कोटिंग, लाकूड काय लोखंडात पण घुसतंय.

लोखंडाचं बोलला की ओळखा खोटं चाललंय. फ्लॅट बिट लाकडासाठीच असतो, मधलं टोक रुतून बसतं आणि दोन्ही बाजूची पाती लाकूड खरवडत जातात, लोखंडाला पिळाचं ट्विस्ट ड्रिलच लागतं. आणि कोटिंगच्या सोनेरी रंगावरनं आतलं पोलाद काय दर्जाचं आहे ते अजिबात कळत नाही.

त्याची खरी चलाखी डेमोत आहे. मशीन त्याचंच, बिट आधीच मशीनच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या तोंडात) लावलेला, लाकूड पण त्याच्याच बॅगेतलं, पॅकिंगच्या खोक्याच्या मऊ पाईनचा तुकडा. सर्रकन भोक पाडून दाखवलं, कडा स्वच्छ. आम्हाला दिलं ते सीलबंद पाकीट, आणि त्यातला माल वेगळाच. बिल मागितलं तर संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला, ते आजपर्यंत आलेलं नाही.

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माळ्याचं काम चालू होतं, सागवानी तुळयांतनं वायरिंगची २० एमएमची पाईप न्यायची होती म्हणून २२ चा बिट लावला. पहिल्याच तुळईत निम्म्यावर जाईस्तोवर धूर, भुसा काळा यायला लागला, आणि बाहेर काढला तर पात्याच्या कडा निळ्या पडलेल्या. पोलाद ३०० डिग्रीच्या आसपास तापलं की असं निळं पडतं आणि मग त्या कडेत दम रहात नाही. कसंबसं भोक आरपार केलं तर पाईप जाईना, व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) लावला तर २२ लिहिलेला बिट २०.३ भरला. मग ३२ चा लावला तर मशीन हातात थरथर कापायला लागलं, कारण मधलं टोक मधोमध नव्हतंच, एका बाजूला सरकलेलं, आणि आरपार होताना बिट असा अडकला की आमच्या पोराचं मनगट मुरगळलं. त्या पोराचे कामाचे दिवस बुडाले ते कोण भरून देणार? पैशापेक्षा मला याचा जास्त राग आहे.

फोन केला तर म्हणतो, "मिस्त्री, तुम्ही स्पीड जास्त ठेवलासा, बिट तुम्ही जाळलासा." आता हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यांना तो हेच ऐकवणार आहे. जास्त स्पीडला चांगला बिट पण जळतो हे खरंय, २५ एमएमपर्यंत साधारण १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि त्याच्या वर गेलं की १००० च्या आसपास एवढंच ठेवायचं असतं, आम्ही त्याच्याही खालीच होतो. पण वादच नको म्हणून त्याच पाकिटातले न वापरलेले बिट टेबलावर घेतले. चांगल्या फ्लॅट बिटच्या बाहेरच्या दोन्ही कोपऱ्यांना बारीक टोकदार काटे असतात, पात्याच्या थोडे पुढं आलेले, ते आधी लाकडाचे रेषे कापतात म्हणून भोकाची कड फाटत नाही. या बिटांचे काटे नुसते आकाराला, बोट फिरवलं तर बोथट, पात्याच्या लेव्हललाच. कानस मारून बघितली. तशी फ्लॅट बिटला कानशीनं धार लावता येतेच, पण चांगल्या बिटवर जोर काढायला लागतो, इथं कानशीचे दोन हात मारले तर पात्याची कडच गोल झाली. शँक (मशीनमध्ये बसणारा दांडा) षटकोनी पाव इंची म्हणजे ६.३५ एमएम पाहिजे, हा सहाला पण कमी. सोनेरी कोटिंग तर खिळ्यानं खरवडून निघालं.

पाकिटावर पण बघा. इम्पोर्टेड माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव पत्ता, कुठल्या देशाचा माल, महिना वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असायलाच पाहिजे. आमच्या पाकिटावर नुसती एमआरपी आणि एका नामांकित ब्रँडसारखं दिसणारं डिझाईन, बाकी काही नाही.

ज्यांनी घेतलाय त्यांनी उरलेले बिट फेकू नका, तोच पुरावा आहे. पाकीट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, त्याचा नंबर सगळं जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार करा, मी केलीय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरलीय, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत घेऊन पैसे न देणं पण त्यातच येतं. काहीजण म्हणतात आपण धंद्यासाठी घेतलं म्हणजे आपण ग्राहक नाही, तसं नाही, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं अवजार असेल तर आपण ग्राहकच. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या मालाच्या केसला फी पण नाही.

तो तुमच्याकडं आला तर त्याचं मशीन बाजूला ठेवायला लावा. पाकीट त्याच्यासमोर फोडा, त्यातलाच बिट तुमच्या मशीनला लावून तुमच्या सागवानात नाहीतर बाभळीत भोक पाडायला सांगा, आणि बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.