यूएचएस-टू कार्ड आणि रीडर : लग्नसराईचा अख्खा सीझन वापरल्यावर

मी लग्नाचे फोटो काढतो. आमच्या सांगली-मिरजेकडं आता बहुतेक गिऱ्हाइकांची मागणी ठरलेली असते, दुपारी लागलेल्या लग्नाचे फोटो संध्याकाळी रिसेप्शनला एलईडी वॉलवर फिरले पाहिजेत. मुहूर्त साडेबाराचा, मग फॅमिली फोटो, जेवणं, विहिणीची पंगत, हे सगळं होईपर्यंत चार वाजतात आणि सातला रिसेप्शन. त्यात कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड लॅपटॉपात खाली करण्यातच अर्धा तास गेला तर निवडायचे कधी आणि कलर करायचे कधी? म्हणून तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तेव्हाच नवीन यूएचएस-टू कार्डं (एसडी कार्डाचा जास्त स्पीडचा प्रकार, यूएचएस-वन म्हणजे त्याच्या आधीचा) आणि ती लॅपटॉपला जोडायचा रीडर घेतला, आता सीझन उरकलाय, तर जे कळलं ते सगळं लिहितो.

माझ्याकडं मेन बॉडी, म्हणजे कॅमेरा, कॅननची आर६ आणि सेकंडला ८०डी. कार्डं सोनीची टफ एम सिरीज, १२८ जीबी, व्ही६० (या आकड्याचा अर्थ खाली सांगतो), आणि जुनी यूएचएस-वन व्ही३० कार्डं पण वापरात आहेतच. रीडर टाइप-सी, मेटल बॉडीचा, यूएचएस-टूवाला.

आधी आकडे. अर्ध्या दिवसाच्या शूटचा ६४ जीबी डेटा धरा. लॅपटॉपच्या बाजूचा जो स्लॉट आहे तो माझ्या लॅपटॉपात आतून जुन्या, स्लो यूएसबी २.० वरच आहे, तिथं सेकंदाला ३५ एमबीच्या पुढं काटा सरकत नाही, म्हणजे अर्धा तास. तेच जुनं यूएचएस-वन कार्ड चांगल्या रीडरमधून यूएसबी ३ च्या पोर्टला लावलं की ९० च्या आसपास, बारा मिनिटं. आणि यूएचएस-टू कार्ड यूएचएस-टू रीडरमधून २४० च्या आसपास, साडेचार मिनिटं. मला तर पहिल्याच लग्नात पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

पण एक नीट समजून घ्या, नुसतं कार्ड घेऊन काही होत नाही. कार्ड, रीडर, केबल, पोर्ट आणि ज्या डिस्कवर कॉपी करताय ती डिस्क, या सगळ्यात जे सगळ्यात स्लो असेल तोच तुमचा स्पीड. माझ्याबरोबर येणाऱ्या पोरानं एकदा रीडरला मोबाईलची चार्जिंगची टाइप-सी केबल लावली, दिसायला सारखीच, पण तसल्या बऱ्याच केबली आतून यूएसबी २.० च्याच असतात, २४० चा स्पीड थेट ३८ वर आला. तेव्हापासून रीडरच्या केबलला लाल टेप गुंडाळून ठेवलाय आणि ती रीडरच्याच पाऊचमध्ये राहते. जुन्या चौकोनी पोर्टवाल्या रीडरचं अजून एक, प्लग अगदी सावकाश आत सरकवला की कधीकधी २.० वरच कनेक्ट होतो, काढून एका झटक्यात घातला की बरोबर ३.० वर येतो. करून बघा.

डिस्कचं तर बरेच जण विसरतात. छोटी पोर्टेबल हार्ड डिस्क १००-१३० च्या वर लिहीतच नाही, मग कार्ड २७७ चं असू दे नाहीतर ३०० चं. मी आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर (आतली फास्ट डिस्क) घेतो, काम तिथंच करतो आणि रात्री घरी आल्यावर हार्ड डिस्कवर बॅकअप लावून झोपतो.

आता डब्यावरच्या आकड्यांचं. मोठ्या अक्षरात असतो तो रीड स्पीड, तोही जास्तीत जास्त किती याचा. व्ही३०, व्ही६०, व्ही९० म्हणजे सेकंदाला कमीत कमी एवढे एमबी सलग लिहिणार याची हमी, व्हिडिओवाल्यांनी ते बघायचं. यूएचएस-वनची मूळ मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे, तरी काही कार्डांवर १७० नाहीतर २०० लिहिलेलं असतं. तो स्पीड त्या कंपनीच्या स्वतःच्या मोडमध्ये मिळतो आणि त्याला रीडरही तो मोड चालणाराच लागतो, साध्या रीडरमध्ये तेच कार्ड ९० वर येतं. हे दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून आवर्जून लिहितोय. यूएचएस-टू ओळखायचं सोपं आहे, कार्ड उलटं केलं की पितळी पट्ट्यांच्या दोन ओळी दिसतात.

८०डी वाल्यांसाठी खास. ही बॉडी यूएचएस-वनच आहे, त्यामुळं यूएचएस-टू कार्ड घातलं तरी कॅमेरा जुन्याच स्पीडनं लिहिणार, बर्स्टला, म्हणजे धडाधड सलग फोटो काढताना, काही फरक नाही. पण तेच कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की कॉपी पूर्ण स्पीडनं होते! आणि या बॉडीचं स्वतःचं पोर्ट यूएसबी २.० आहे, त्यामुळं कॅमेऱ्याला केबल लावून फोटो लॅपटॉपात घेण्यात अर्थच नाही. तुमची अडचण फक्त कॉपीची असेल तर बॉडी बदलायच्या आधी कार्ड आणि रीडर बदला.

आर६ मध्ये मात्र दोन्ही स्लॉटला सारखीच कार्डं ठेवा. दोन्हीवर एकदम रेकॉर्डिंग लावलं की स्लो कार्डाच्या स्पीडनंच बफर (कार्डावर जाईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) खाली होतो, आणि शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, त्याच तीन-चार सेकंदात कॅमेरा अडकला तर तो क्षण परत मिळत नाही.

टिकण्याबद्दल, टफ कार्डाला लॉकचा खटका नाही आणि पट्ट्यांमधले प्लास्टिकचे बारीक दांडे पण नाहीत, त्यामुळं तुटायला काही नाहीच. एका दुसऱ्या कंपनीच्या जुन्या कार्डाचा खटका सैल होऊन ऐन हळदीत "कार्ड लॉक्ड" आलं होतं, चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली. रीडर सलग कॉपीला चांगला गरम होतो, हाताला चटका नाही पण बॅगेत कपड्याखाली ठेवून कॉपी लावू नका.

कार्ड नवीन आलं की मी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून तपासतो, नकली कार्ड लगेच उघडं पडतं, १२८ जीबीला वेळ जातो पण हे चुकवू नका. आणि कट-पेस्ट कधीच नाही, कॉपी करायची, दोन ठिकाणी फोटो उघडून बघायचे, मगच कॅमेऱ्यात फॉरमॅट.

तक्रार एकच, या रीडरला एसडीचा एकच स्लॉट आहे. दोन्ही बॉडीची कार्डं एकामागून एक लावावी लागतात. दिवाळीच्या आत तसलाच दुसरा रीडर घेणार आहे आणि दोन्ही हबला (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) न लावता लॅपटॉपच्या दोन वेगळ्या पोर्टला लावून बघणार आहे.